पोरगी बसली का

आबा,

या आठवड्यात घरी आलं ते असं. तीनशे पत्रकं, छपाईसकट दोनशे चाळीस रुपये. केशरी सॅटिनची पट्टी पाच मीटर, बिल्ले करायला, साठ रुपये. टाचण्यांची डबी, पंधरा. नारळ एक, पस्तीस रुपये. तो मी स्वतः जाऊन आणला आणि कशासाठी ते घरात कोणाला सांगितलं नाही. आणि सुरती घारीचा, मिठाईवाल्याकडचा एक डबा, किलोभराचा, वरून सोनेरी दोरी बांधलेला. त्याच्यापुढे मी वहीत काही लिहिलं नाही, कारण तो फुकट आला होता. मी घाबरले ती त्या डब्याला.

तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा ही पोर जन्मायची होती. आता एकोणीस पूर्ण झाली, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, सकाळचं कॉलेज. दिसायला माझ्यासारखी, पण बोलायला लागली की मला तुमची आठवण येते, तुम्ही मागाच्या खात्यातून सुटून आल्यावर ओट्यावर चार माणसांत बोलायचात तशी. कॉलेजात तिचं निम्मं आयुष्य वर्गाच्या बाहेर जातं. शिबिराला जाऊन झाडं लावते, नाटकात बाप्या होते, नवरात्रीच्या गरब्याला पोरींची रांग लावते. मी म्हणायचे, फी वर्गात बसायची भरली आहे. ती म्हणायची, आई, फीच्या पावतीत खेळाचे आणि कार्यक्रमाचे पैसे वेगळे लावलेत, ते कोण वसूल करणार. मला काटकसरीच्या भाषेत उत्तर दिलं की मी गप्प होते, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

महिन्यापूर्वीची गोष्ट. श्रावणातले कानबाईचे रोट होऊन आठवडाही झाला नव्हता. मी देवापाशी दिवा लावते आहे आणि ती मागे येऊन म्हणते, "आई, मी उभी राहतेय." मी मागे न बघता म्हटलं, "मग बस की. पाट घे." ती हसत सुटली. "अगं, इलेक्शनला." कॉलेजात मुलींची एक प्रतिनिधी असते, तिला इथे एल.आर. म्हणतात, मुलींनीच मतं द्यायची. यंदा बऱ्याच वर्षांनी मतदान होणार होतं, एरवी सर लोकच कोणाचं तरी नाव ठरवून टाकायचे. वात माझ्या हातातून तेलात पडली. मी विचारलं, तुला काय कमी आहे म्हणून उभी राहतेस? तर तिनं खोलीचं सांगितलं.

मुलींसाठी कॉलेजात एक खोली आहे, पाटीही आहे. पण तिला कुलूप. आत एका पॅनलच्या पोरांचं सामान असतं, मोठे स्पीकर, कार्यक्रमांचे बॅनर, गरब्याच्या टिपऱ्यांची पोती. सुरतेच्या या टोकाच्या, आपल्या डिंडोलीच्या, नवागामच्या, पलीकडे भेस्तानच्या पोरी पहाटे पोटात काही न घालता निघतात, दोन बस बदलतात, आणि मधल्या सुट्टीत जिन्यात उभ्यानं डबा खातात. वरून पोरं उतरली की भिंतीला चिकटायचं, डबा छातीशी धरायचा. एकदा एका पोरीची भाजी सगळी पायऱ्यांवर सांडली तर वरून आवाज आला, "डिंडोलीवाळी, नाश्तो वेरी नाख्यो?" नाश्ता सांडलास का, एवढंच; पण त्यात गावाचं नाव होतं आणि सगळा जिना हसला. माझी पोर त्या दिवशी ठरवून आली होती. तिला काही मोठं करायचं नव्हतं, आबा. तिला त्या खोलीची किल्ली पाहिजे होती.

तिचे वडील मिलमधून आल्यावर मी त्यांना सांगितलं. बारा तास रंगाच्या वाफेत उभा राहून आलेला माणूस, जेवता जेवता म्हणाला, "राहू दे उभी. मी रोजच राहतो." आणि आमटी मागितली. म्हणजे भिण्याचं काम माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. ते मला चांगलं येतं.

घारीचा डबा घेऊन दोन जण आले ते दुपारी बाराला, पोर घरी यायच्या आधी. एक कॉलेज सोडून दहा वर्षं तरी झाली असतील अशा वयाचा, पांढरा शर्ट, बोलायला गोड. त्यानं चपला बाहेर काढल्या, देवाला हात जोडले, माझ्या पाया पडला, मला काकी म्हणाला. दुसरा दाराशीच उभा, मोबाइलमध्ये बघत. मी चहा टाकला. घरी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही हे तुम्हीच शिकवलेलं. बशीत चहा ओतत तो म्हणाला, तुमची दीकरी फार हुशार आहे, आम्हाला बहिणीसारखी, पण यंदा पॅनलनं दुसऱ्या मुलीचं ठरवलंय. "काकी, बहेनने बेसाडी दो. बस, एटलुंज." पोरीला बसवा, एवढंच. मी म्हणाले, ती माझं ऐकत नाही. तो हसला, कप खाली ठेवला. "सवारे सवा छनी बस पकडे छे ने? एकलीज? ध्यान राखजो, काकी." सव्वासहाच्या बसला एकटी जाते, लक्ष ठेवा. त्यात एक शब्द वावगा नव्हता. उद्या पोलिसात जाऊन सांगायचं म्हटलं तर काय सांगणार, की हा माणूस माझ्या पोरीची काळजी करून गेला? ते गेले आणि मी दाराला कडी लावली, भर दुपारी, आणि बराच वेळ कडीवरचा हात काढला नाही.

पोर घरी आली, डबा बघून म्हणाली, "घारी? कोणाचं लग्न ठरलं?" मी निम्मं सांगितलं. बसचं सांगितलं नाही. ते तोंडातून काढलं तर खरं होईल असं वाटलं. ती डबा तोलून म्हणाली, "म्हणजे माझी किंमत किलोभर. बरंय, मी पाव किलो धरून चालले होते." दुसऱ्या दिवशी तिनं तो डबा कॉलेजात नेला आणि जिन्यातल्या पोरींना वाटून टाकला. उभ्या उभ्या खाल्ली सगळ्यांनी, आणि ज्यांनी पाठवली त्यांच्याकडे बघून खाल्ली, हे तिनं मला कौतुकानं सांगितलं. मी तिच्यासमोर हात जोडले. बस गं बाई, म्हटलं, नाव मागे घे, ती खोली काय तुझ्या एकटीची आहे? ती केस विंचरत होती. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तू एकदा तरी कशाला उभी राहिलीस का गं?"

तिला काय माहीत. मी त्या बोलण्यावर भांडी घासायला गेले.

घासता घासता मला दिसलं, मी सातवीत आहे. मराठी शाळेत बाईंनी मंत्रिमंडळ केलंय, आणि मी पाणीमंत्री. सकाळी टाकी भरली का बघायचं, माठ धुतले का बघायचं, आणि शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभं राहून आठवड्याचा अहवाल वाचायचा. बिल्ला निळ्या फितीचा, टाचणीनं लावायचा. मी तो एकच दिवस लावला. सोमवारी बाईंनी यादी पुन्हा वाचली आणि पाणीमंत्री म्हणून दुसऱ्याच मुलीचं नाव घेतलं. मी उठून उभी राहिले, काही बोलणार, तर बाई म्हणाल्या, "खाली बस." आवाज चढवला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. मी बसले. मला वाटलं, आपण नवागामच्या खोलीत राहतो, आपल्या घरी नळ नाही, म्हणून. ज्यांच्या घरी पाणी नाही ती पोरगी कसली पाणीमंत्री. त्यानंतर मी त्या बाईंना कधी नमस्कार केला नाही. शाळा सुटल्यावर त्या रस्त्यात दिसल्या तर मी दुसऱ्या बाजूनं जायचे.

त्याच वर्षी तुमचं काम सुटलं होतं. खात्यात एका कारागिराची बोटं मशीनमध्ये गेली, आणि शेठकडे त्याच्या औषधपाण्याचं बोलायला कोण जाणार म्हटल्यावर बाकीचे खाली बघत राहिले आणि तुम्ही उभे राहिलात. तुमच्या अंगावर कोणी हात टाकला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला कोणी कामावर घेईना, या खात्यात नाही, पलीकडच्या खात्यात नाही. आईनं पोळ्या लाटायच्या सोडल्या, ज्वारीवर आलो. तेव्हा मला त्या दोन गोष्टींचा संबंध कळला नव्हता.

कळला तो मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी. तोवर तुम्हाला पुन्हा काम लागलं होतं, त्या दिवशी खात्याची सुट्टी होती. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापत होते, तुम्ही भिंतीला टेकून पाणी पीत होतात. मी पास झाले म्हणून आई शेजारी साखर वाटायला गेलेली. तुम्ही तांब्या खाली ठेवला आणि तव्याकडे बघत म्हणालात, "तुन्हं नाव मीच काढाले लावं व्हतं." मला आधी कळेनाच कसलं नाव. मग तुम्ही म्हणालात, पाणीमंत्रीचं. मी शाळेत गेलो होतो, बाईंच्या पाया पडलो, म्हटलं मन्ही पोरले बसाडी द्या. बाई नाही म्हणत होत्या. मी म्हटलं, तिला माझं नाव सांगू नका. माझी भाकर तव्यावर काळी झाली. मी उलटली नाही, आणि तुम्हीही ती उलट असं म्हणाला नाहीत. मग तुम्ही खुंटीवरच्या पिशवीतून लाल कापडाची चोपडी काढून माझ्यापुढे ठेवलीत, बाजारातले व्यापारी वापरतात तसली, लांबट, दोरीची. "यात लिहीत जा," म्हणालात. काय लिहायचं ते सांगितलं नाहीत. मी हिशेब लिहायला लागले, कारण दुसरं काय लिहितात ते मला माहीत नव्हतं. तुमची चोपडी केव्हाच भरली. आता ही कितवी तरी आहे, आणि तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी हे लिहिते आहे.

बाईंना नंतर गाठायला हवं होतं. नाही गाठलं. त्या कुठे गेल्या ते मी विचारलंही नाही.

आता मतदानाच्या सकाळचं. पोरीनं दही-साखर हातावर घेतली, ओढणीला केशरी बिल्ला लावला, देवीला नमस्कार करताना मला विचारलं, "तू हिला काय सांगितलंयस? मला निवडून आण, की मला बसव?" मी म्हणाले, देवाची थट्टा करू नये. तिनं बरोबर ओळखलं होतं. पोरीचं नाव मागे येऊ दे, ओटीसकट नारळ वाहीन, असं मी कबूल केलं होतं, आणि तो नारळ तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. ती निघाली. मी गच्चीवरून बघितलं, बस आली, ती चढली, खिडकीशी बसली, हात केला. मी खाली येऊन दूध तापत ठेवलं, आणि फोन वाजला.

"काकी, जय श्री कृष्ण. बहेन बेसी गई?"

मी म्हणाले, "हा भाई, बेसी गई. चिंता ना करो."

फोन बंद झाला. दूध उतू गेलं ते मी पुसून घेतलं.

आठ वाजेपर्यंत माझा आवाज सगळ्या कॉलेजच्या मोबाइलवर पोचला होता. हल्ली फोनवरचं बोलणं धरून ठेवता येतं आणि सगळ्यांना पाठवता येतं, आबा. खाली लिहिलं होतं, उमेदवाराची मम्मी स्वतः सांगते आहे, पोरगी बसली, आता हिला मत देऊन वाया घालवू नका. निवडणुकीत नाव मागे घेतलं की इथे बेसी गई म्हणतात. पहिल्या वर्षाच्या पोरींनी ते ऐकलं आणि त्यातल्या कितीतरी मत न देताच घरी गेल्या. माझ्या पोरीला कळलं तेव्हा ती कॅन्टीनच्या बाकावर चढली आणि सगळ्यांना ओरडून म्हणाली, "आई खरंच बोलली. मी बसलेच होते. सव्वासहाच्या बसमध्ये, खिडकीशी." सगळे हसले म्हणे, पॅनलचे सुद्धा. पण गेलेल्या पोरी गेल्या होत्या. चौदा मतांनी पडली.

हे सगळं तिनं मला स्वयंपाकघरात सांगितलं, ताटावर बसून, वरण-भात कालवत. रडली नाही. मीच भांड्याला भांडं लावत होते. तेव्हा उष्ट्या हातानंच माझ्या खांद्याला कोपर टेकवून म्हणाली, "तुझा काय दोष? मी सगळ्यांना सांगितलं, माझी आई साधी आहे, घरातल्या घरात असते, तिला यांचं बोलणं कळत नाही." तिनं माझ्यासाठी अख्ख्या कॉलेजशी भांडण केलं होतं. मी म्हणाले, "वरण वाढू का अजून?"

मला वाटलं, संपलं. आता ही निमूट वर्गात जाईल, बी.कॉम. होईल. काल ती एक तास उशिरा आली. मी दारातच उभी होते. आल्या आल्या म्हणाली, "आई, आज आम्ही बसलो." मी म्हटलं, कुठे? म्हणाली, त्या खोलीच्या दाराशी. चाळीस-पन्नास जणी, जमिनीवर, डबे उघडून. कोणाला ओरडलो नाही, काही नाही, नुसत्या बसून जेवलो. जिंकली ती मुलगी सुद्धा शेवटी येऊन बसली, तिलाही भूक लागतेच. प्रिन्सिपल बाईंनी येऊन विचारलं, कधी उठणार? आम्ही म्हटलं, किल्ली आली की. उद्या पुन्हा बसणार आहोत. तिचे डोळे असे चमकत होते की मला तिच्याकडे बघवेना. इतके दिवस मी देवीकडे एवढंच मागत होते की ही बसू दे, आणि ती अशी बसली.

आज सकाळी ती बसला गेल्यावर पुन्हा फोन आला. तोच आवाज, पण जय श्री कृष्ण नाही. "काकी, बहेनने उठाडो त्यांथी." तिथून उठवा तिला. मी दोन्ही हातांनी ओटा धरला. आणि मी म्हणाले, "भाई, मने गुजराती नथी आवडतुं." मला गुजराती येत नाही, असा त्याचा अर्थ. त्यांच्यात येण्याला आवडणं म्हणतात, हे नव्या माणसाला ठाऊक नसतं, नवा माणूस तिथेच चुकतो. माझ्या तोंडून ते इतकं सरळ, इतकं त्यांच्यासारखं आलं की पलीकडच्यानंच फोन ठेवला.

तेव्हापासून मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. सव्वासहाची बस गेली, आता ती पोचली असेल, आता मधली सुट्टी, आता त्या दाराशी. एक वाजेपर्यंत मी घड्याळाकडे बघत नाही असं ठरवते आणि बघते. पण मी लिहायला बसले ते या भीतीसाठी नाही. ही भीती मला सांगता येते, शेजारणीला सुद्धा सांगितली. दुसरी एक आहे ती कोणाला सांगता येत नाही.

आबा, मी सुरतेत वाढले. भाजी त्यांच्या भाषेत घेते, आरती त्यांच्या शेजारी म्हणते. आणि बेसाडवुं काय आणि आपलं बसाडणं काय, एकच शब्द आहे, तुम्ही तो बाईंना सांगितला होतात. त्या सकाळी फोनवर तो माणूस बसबद्दल विचारत नव्हता, हे मला कळलं होतं. दूध वर येत होतं, ते उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी विचार केला, आणि कळून-सवरून म्हणाले, हा भाई, बेसी गई. आवाज पकडतील हे माहीत नव्हतं. पण बाकी सगळं माहीत होतं. नारळ अजून डब्यामागेच आहे. वाहिला तर पोर विचारेल कशाचा, आणि नाही वाहिला तर देवीला काय सांगू, की तू नाही केलंस, मीच केलं?

पोर मला साधी म्हणते. त्या माणसाला शिव्या देते, जशी मी त्या बाईंना मनात देत होते. मी हे पान फाडून तिच्या उशाशी ठेवणार नाही, आणि तुमच्याकडे पाठवायला तुमचा पत्ता नाही. चोपडी मिटून पुन्हा फडताळात जाईल. पण तुम्हाला ते मला सांगायला चार वर्षं लागली, आबा. त्या चार वर्षांत मी रोज तुम्हाला ताट वाढत होते, आणि तुम्ही माझ्या हातचं जेवत होतात. ती चार वर्षं कशी काढलीत, आणि त्या दिवशी तांब्या खाली ठेवताना पहिला शब्द कसा निघाला, तेवढं उलट टपाली कळवा.